पापणी

तूबा महिन्यात नाईलच्या कालव्यावर धुकं बसतं,
तेव्हा बिशायमामा भट्टीच्या भोकातून सरपटत आत जायचा
आणि मी त्याच्या टाचा बघत मागोमाग.
आत सात हजार अंडी, कोंड्यावर.
वरच्या खणात गोवऱ्या धुमसत.
थर्मामीटर नव्हता. मामा एक अंडं उचलून
मिटल्या डाव्या पापणीवर टेकवायचा,
म्हणायचा, "झरोका बोटभर उघड."
किंवा काहीच म्हणायचा नाही. म्हणजे ठीक.

भोक पाडलेल्या डब्यात दिवा, त्यावर अंडं धरून
शिकवायचा:
"टरफलाला भिंत समजू नकोस, विस्सा.
हजारो दारं आहेत त्याला, सुईच्या टोकाहून बारीक.
वारा आत येतो, वाफ बाहेर जाते.
आणि धुवायचं नाही कधी. कोंबडीनं
निघता निघता वरून एक लेप दिलाय,
तो पुसशील तुझ्या स्वच्छतेपायी
आणि रोगाला बसवशील पाटावर."

टरफलाआड दोन पापुद्रे, एकमेकांना चिकटलेले,
फक्त रुंद टोकाशी भांडल्यासारखे वेगळे.
मध्ये पोकळी, नाण्याएवढी सावली.
"अंडं घातल्या क्षणी ही नसते. अंडं निवतं,
आतलं आकसतं, तेवढ्यात वारा जागा धरतो."
"मग हे अंडं कमी भरलं?"
मामा इतका हसला की दिवा विझला.

पांढरा बलक कुठे पातळ, कुठे घट्ट.
"पाणी, उशी आणि पहारेकरी. तिन्ही कामं,
पगार एकाचा."
मामीचा नवरा असल्यासारखाच बोलला तो हे,
कारण दमियानामामी तेव्हा बाहेर
गोवऱ्या रचत होती, आणि तिला ऐकू गेलं.

न्याहारीच्या अंड्यातला पांढरा पीळ
मी किडा समजून बोटानं काढून टाकायचो.
एकदा मामानं माझं ताटच ओढलं.
"दोर आहेत ते. बलकाच्या दोन बाजूंना,
एकाचा पीळ डावा, एकाचा उजवा.
अंडं कसंही लोळो, बलक मधोमध झुलला पाहिजे.
आणि बलकावर तो फिकट ठिपका
वळून वळून वरच येतो, उबेकडे.
पिल्लू तिथे. बाकी सगळं सामान."
तरीही दिवसातून दोनदा आम्ही अंडी फिरवायचो,
नाहीतर ठिपका पापुद्र्याला चिकटतो
आणि तिथेच संपतो.

त्या वर्षी नवव्या दिवशी मामाला झटका आला.
डावा गाल उतरला, डावी पापणी बधिर.
चौदाव्या दिवशी तो काठी टेकत परत आला.
उजव्या पापणीला अंडं लावून बघितलं,
म्हणाला, हिला अक्षरओळख नाही.
मामी म्हणाली, टांटाहून थर्मामीटर आणवू.
त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकू दिलं नाही.
माझ्या हातात अंडं दिलं. "तू सांग."

मी डोळा मिटला.
"गरम आहे."
"किती?"
शब्द सापडेना. मग म्हटलं,
"ताप नुकताच उतरलेल्या पोराच्या कपाळाएवढं."
मामाच्या तोंडाच्या एका कडेतून लाळ आली,
दुसऱ्या कडेतून, "मग झरोका राहू दे तसाच."

विसाव्या रात्री भट्टी बोलायला लागली.
एकही टरफल फुटलं नव्हतं.
आतल्या पापुद्र्यातून चोच काढून
पिल्लांनी डोकं घातलं होतं त्या पोकळीत,
कमी भरलेल्या त्या जागेत,
आणि श्वास मिळाल्याबरोबर तक्रार सुरू.
उरलासुरला बलक पोटात ओढून घेतलेला,
दोन दिवसांची शिदोरी.
मी एकाला सोलायला गेलो, मामानं काठी आडवी धरली.
मग तेच अंडं उजव्या कानाशी नेलं
आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

पाच हजार चारशे बारा निघाली.
उरलेली मीच मोजून कालव्याकाठी पुरली.
टरफलं बोटांत धरताच मोडायची,
त्यांतला चुना हाडांत गेलेला.
मामीनं ती कुटून जुन्या कोंबड्यांपुढे टाकली.